लाल ठिपक्यांची गल्ली

दादाने समाजशास्त्र घेतल्यापासून घरात साधं शिंकायचीही सोय उरली नव्हती. कुणी शिंकलं, की तो त्यामागची सामाजिक कारणं सांगायचा. कॉलेजच्या प्रकल्पासाठी त्याने वस्तीचा मोठा नकाशा काढला. कुणी नियम मोडला, की तिथे लाल पेनने ठिपका द्यायचं काम धाकट्या बहिणीकडे आलं. तिला सगळे भोंगा म्हणत. का, ते तिने तोंड उघडलं की कळायचं.

आठवड्याने नकाशा बघून दादा नाचायचाच बाकी राहिला. मागच्या गल्लीला गोवर उठलेला आणि पुढचा रस्ता धुतल्या तांदळासारखा! मागच्या गल्लीत परमुलखातून आलेली, वेगळी भाषा बोलणारी माणसं राहत.

"संस्कृतीच तशी त्यांची," दादाने निदान केलं.

ते आत्याच्या कानावर गेलं. आत्या म्हणजे रहिवासी मंडळाची अध्यक्ष. तिने लगेच पुढच्या रस्त्यावरच्या मंडळाच्या खोलीत सभा बोलावली. मागच्या गल्लीच्या तोंडाला फाटक लावायचं आणि त्याला भलंमोठं कुलूप!

भोंग्याची जिवलग मैत्रीण त्याच गल्लीतल्या किल्लीवाल्याची मुलगी. गिऱ्हाइकं येणार त्याच वाटेने. वाट बंद झाली की दुकान बंद, आणि दुकान बंद झालं की मैत्रीण बिऱ्हाड घेऊन चालती.

सभेत ती ताडकन उठली. "आत्या, मी रोज किल्लीवाल्याच्या पायरीवरच बसत होते. पुढच्या रस्त्यावर फिरकलेसुद्धा नाही."

"अगं गधडे, सगळीकडे फिरायला सांगितलं होतं ना!" दादा किंचाळला.

"गप्पा रंगल्या रे. हात मोकळा होता, म्हणून ठिपके देत बसले."

आत्या हसली. "मग आता बघ खिडकीतून. पुढे सगळी भली माणसं राहतात."

भोंग्याने दादाच्या हातातला नकाशा खिडकीत पसरला आणि पेनचं टोपण काढलं. "फुटपाथवर चढवलेली ही गाडी कुणाची?"

"माझीच," आत्या खाकरली. "पण लावायला जागा कुठे आहे गं?"

ठिपका. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कचऱ्याची पिशवी धपकन रस्त्यावर आली.

"आमच्या ह्यांची असेल," एक काकू पुटपुटल्या. "कचऱ्याची गाडी वेळेवर येते का कधी?"

अजून एक ठिपका.

"दादा," भोंगा गोड आवाजात म्हणाली, "मागे गाडी आडवी लावली की संस्कृती आणि पुढे लावली की जागेची टंचाई. हे कुठल्या धड्यात आहे रे?"

दादा घाईघाईने पेनचं टोपण शोधू लागला.

"फाटकाचं पुढच्या सभेत ठरवू," आत्याने विषय गुंडाळला.

"चालेल की! तोवर मी रोज संध्याकाळी नकाशा घेऊन या खिडकीतच बसते."

मग आत्याने लगोलग मत घेतलं. 'फाटक नको' म्हणून सगळ्यात आधी तिचाच हात वर गेला, आणि बाकीचे हात मोजायलाही न थांबता ती गाडी हलवायला जिना उतरू लागली.