दुसऱ्याच कुणाचे शर्ट

"इस्त्री गळ्यापासून धरायची, पोरी. गळा नीट बसला की बाकीचा शर्ट आपोआप ऐकतो."

लग्नाला वीसेक वर्षं होत आली, तरी सासूचा, अल्विनाचा, तो आवाज लोरीनच्या कानातून गेला नव्हता. लग्नानंतरचं ते पहिलंच थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरातला आभार मानायचा सण. सासू मुलाच्या ऑफिसचे शर्ट इस्त्री करत होती आणि नवी सून शेजारी उभी राहून बघत होती. लोरीनला आपली आई आठवत नव्हती, लेक पाळण्यात असतानाच गेलेली. गरम सुताच्या त्या वासात तिला पहिल्यांदा कळलं, कुणी पोरी म्हणतं तेव्हा कसं वाटतं.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर थँक्सगिव्हिंगला अल्विना आदल्या संध्याकाळच्या बसने यायची आणि सणाचं जेवण झालं की डेलचे शर्ट काढून बसायची. "दुकानातल्या इस्त्रीला घडी असते, माया नसते," म्हणायची.

यंदा कपाटात डेलचा एकही शर्ट नव्हता. ऑगस्टमध्येच तो सगळे घेऊन मिलवॉकीला गेला होता, ऑफिसातल्या एका बाईकडे, कायमचा. जाताना दारात म्हणाला, "आईला मीच सांगेन. थँक्सगिव्हिंग होऊन जाऊ दे. तोवर तू काही बोलू नकोस."

लोरीनने मान हलवली. त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. नवरा गेल्याचं दुःख तिने टपालाच्या पिशवीसारखं खांद्यावर टाकलं होतं, जड होतं, पण चालता येत होतं. सासू मात्र तिला हरवायची नव्हती. मुलगाच घरात नाही म्हटल्यावर अल्विनाने कोणत्या नात्याने या दारात यायचं?

म्हणून तिने चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून चारपाच शर्ट आणले, धुतले आणि डेलच्या रिकाम्या हँगरांवर टांगले. बस थांब्यावर सासूला मिठी मारतानाच सांगून टाकलं, "डेल ऑफिसच्या कामाने डेन्व्हरला गेला, तिथेच अडकलाय. बर्फाने विमानं बंद आहेत."

"सणासुदीला कसलं मेलं ऑफिस," अल्विना म्हणाली. "येऊ दे घरी, कान उपटते."

एल्म फॉल्समध्ये थँक्सगिव्हिंगच्या सकाळी सगळं गाव धावतं, आणि धावतं ते कामाच्या कपड्यांत. कागदाची गिरणी होती तेव्हा रात्रपाळी सुटलेली माणसं जेवणाच्या ओढीने तशीच घराकडे पळत सुटायची. गिरणी गेली, पळणं राहिलं. सुतार पट्टा बांधून येतो, नर्सबाई दवाखान्याच्या कपड्यांत येते. डेलच्या घरच्यांनी त्यात आपला एक नियम घातला होता. घरातला जो शेवटी पोचेल, त्याच्याकडे पुढच्या वर्षीचं जेवण. गेल्या वर्षीही नेहमीसारखा डेलच शेवटचा आला होता. हरला तो, आणि यंदाची टर्की भाजायला घरात उरली एकटी लोरीन.

रोज गावभर पत्रं वाटणाऱ्या लोरीनला आजवर घरातलं कुणी गाठू शकलं नव्हतं. आज टपालखात्याचा निळा कोट घालून ती निघाली तेव्हाच मनाशी ठरवून निघाली होती, शेवटी यायचं. नियम म्हणजे नियम. अल्विना तो मोडू द्यायची नाही. पुढच्या वर्षी तिला लोरीनच्याच घरी यावं लागेल.

तिची नणंद, म्हणजे डेलची बहीण जोडी, केव्हाच पुढे गेली; डेन्व्हरची थाप तिलाही सांगून झाली होती. पुलापाशी लोरीन थांबली. काठाला पातळ बर्फ धरलं होतं, मधून पाणी काळंभोर वाहत होतं. मागून जोडीचा नवरा बर्ट धापा टाकत आला, खाटीकखान्याचा एप्रन पोटावर उडवत.

"काय गं टपालवाली, पत्रं जड झाली का आज?"

"गुडघा धरलाय. तू हो पुढे."

"थांब की जरा. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्या मागे आहेस, डोळे भरून बघू तर दे."

लोरीन हसली. तो वळणाआड जाईपर्यंत हसू ओठांवर धरून ठेवलं, मग सोडून दिलं.

शेवटच्या रेघेपाशी अल्विना घडीच्या खुर्चीत, गुडघ्यांवर गोधडी घेऊन बसली होती. "लोरीन शेवटची," तिने न्यायाधीशासारखं जाहीर केलं. "पुढच्या वर्षी टर्की हिच्याच घरी." मग हळूच विचारलं, "बर्ट म्हणाला, गुडघा धरलाय. कुठला गं?"

"उजवा."

जेवायला चौघं बसली. पाचव्या खुर्चीपुढे अल्विनाने डेलचं ताट मांडलं, त्यावर टर्कीचा मांडीचा तुकडा आणि बटाट्याचा लगदा वाढला आणि झाकून ठेवलं. "रात्री आला तर उपाशी नको." जेवणाआधी प्रत्येकाने आभार मानायचे. बर्टने गुडघ्याचे मानले. "लोरीनच्या गुडघ्याचे," तो म्हणाला आणि जोडीने त्याला कोपर मारलं. लोरीनची पाळी आली. "आई आल्या..." एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि ती रस्सा आणायला आत गेली.

दुपार कलली. जोडी आणि बर्ट टीव्हीसमोर फुटबॉल बघता बघता पेंगली. लोरीन भांडी घासत होती आणि पलीकडच्या खोलीतून इस्त्रीची वाफ सुसकारत होती. एक सुसकारा, मग कापडावरची सरसर. हात फेसात होते, जीव मात्र त्या आवाजाला बांधलेला होता. मग आवाज थांबला.

"लोरीन, इकडे ये."

अल्विना उभी होती. फळीवर निळा शर्ट, त्याच्या गळ्यात तिचे दोन्ही अंगठे.

"हा गळा डेलचा नाही."

"नवे घेतलेत, आई."

"नवे? बाह्या बघ, विरल्यात." तिने दुसरा शर्ट उचलला, तिसरा उचलला. "माझ्या पोराची मान बैलासारखी. जन्मात त्याचं वरचं बटण कधी सुखाने लागलं नाही. हे दुसऱ्याच कुणाचे शर्ट आहेत."

लोरीनने ओले हात पोटाशी धरले. बाहेर टीव्हीवर कुणीतरी गोल केल्यासारखी माणसं ओरडत होती.

अल्विनाने इस्त्री उभी ठेवली, तार काढली. शर्ट एकावर एक नीट ठेवले, परक्या घरचे असावेत तसे. मग ती स्टुलावर बसली आणि एकदम म्हातारी दिसायला लागली.

"सकाळी उजवा गुडघा म्हणालीस. वाढताना डावा पाय ओढत होतीस." तिचा आवाज बारीक झाला. "माझ्या मुलाचं काही बरंवाईट झालंय का गं? खरं सांग."

"नाही, नाही. तो चांगला आहे," लोरीन घाईने म्हणाली. सासूच्या डोळ्यांतली भीती बघून पुढचं दाबून ठेवणं तिला जमेना. ती खाली जमिनीवरच बसली, अल्विनाच्या पायांशी.

"डेल मला सोडून गेला, आई. ऑगस्टमध्ये. मिलवॉकीला असतो, दुसऱ्या एकीबरोबर. परत येणार नाही. त्याने तुम्हाला सांगू नकोस म्हटलं होतं, पण मी गप्प राहिले ती त्याच्यासाठी नाही."

अल्विनाचा हात शर्टांवर होता, तो तिथेच राहिला.

"माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. पुलावर उभी राहिले आणि बर्टला पुढे जाऊ दिलं. पुढच्या वर्षीही तुम्ही मला इथे हव्या आहात. नुसत्या नियमाखातर आलात तरी चालेल, पण या."