डाव्या हाताची टपली

माधवगंजातल्या त्या गल्लीत जयसिंहरावांचा लाकूड कापायचा कटर सुरू झाला की शेजारपाजारचे लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि त्यांच्या नावानं खडे फोडायचे. गेल्या दसऱ्यापासून कटर बंद पडला आणि गल्लीला सुख लागलं. सीमंतिनीला मात्र ही शांतता खायला उठते. दुपारचं आडवं व्हावं, तर कान आपोआप खालच्या मजल्याकडे लागतात आणि झोप काही येत नाही.

जयसिंहराव तिचे यजमान. पणजोबा दख्खनेतून तलवार घेऊन ग्वाल्हेरला आले, आणि पणतवानं हातात सुताराची पटाशी धरली. घराच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. देवघरं, पाट, चौरंग, कुणाच्या लग्नाचा पलंग, असं सगळं एकट्याच्या हातानं. कामाला माणूस ठेवायचे नाहीत, कारण कुणाचंच काम त्यांच्या पसंतीला उतरायचं नाही. सकाळभर कटर चालवायचा आणि चहाच्या वेळेला भुवयांपर्यंत भुशानं माखून वर यायचं, हा त्यांचा नेम. उजव्या हातात कप घ्यायचा आणि डाव्या हातानं ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोच्या डोक्यावर एक टपली मारायची, हाही नेमच. सागवानाचा भुसा तिच्या केसांत उतरायचा.

"अहो, आजच केस धुतलेत!" असं ती दर वेळी करवादायची. सगळा संसार तिनं हेच वाक्य बोलण्यात घालवला म्हटलं तरी चालेल. तेव्हा तिला ते खरंच गाऱ्हाणं वाटायचं. आता वर्ष होत आलं, केस स्वच्छ आहेत, आणि त्या स्वच्छ केसांचं करायचं काय हे तिला कळत नाही.

मशीनच्या बाबतीत जयसिंहराव म्हणजे चालतंबोलतं नियमांचं पुस्तक. दूधवाला जरी दुकानात डोकावला तरी त्याला ऐकून घ्यावं लागायचं. पात्याच्या समोर उभं राहायचं नाही, कडेला राहायचं. लाकूड उसळलं तर ते समोरच्याच्या पोटात येतं. हातमोजे नकोत, लोंबत्या बाह्या नकोत, मनगटाला गंडादोरा नको. बारका तुकडा बोटांनी नाही, काठीनं सरकवायचा. पात्यावरचं झाकण काढून मशीन चालवणारा शूर नसतो, गाढव असतो. आणि चालू पात्याजवळ काही पडलं तर पडू द्यायचं, मग ती सोन्याची अंगठी का असेना. दूधवाला बिचारा मान डोलवायचा आणि दूध नासायच्या आत सटकायचा.

आता या नियमांच्या पुस्तकाला वर्षातून एकदा एक सुट्टी असे, ती खंडेनवमीला. त्या दिवशी या घरात हत्यारांची पूजा. पाटावर मधोमध पणजोबांची तलवार, भोवती रंधा, पटाश्या, करवती. कटर उचलून वर आणता येत नाही म्हणून त्याची पूजा खाली, जागेवरच. आणि सासूबाईंच्या काळापासूनचा दंडक असा, की हळदकुंकू प्रत्यक्ष लोखंडाला लागलं पाहिजे. झाकणाला कुंकू लावणं म्हणजे देवाला सोडून देवळाच्या दाराला नैवेद्य दाखवणं, असं सासूबाई म्हणायच्या. म्हणून नवमीला पात्यावरचं झाकण उतरायचं. पूजा झालेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कुणी वापरायचं नाही, त्यामुळे धोकाही नव्हता. दसऱ्याला सकाळी झाकण परत बसायचं आणि मग मुहूर्ताचा पहिला काप.

गेल्या दसऱ्याला मुहूर्त टळत चालला होता. झाकणाचा पाना सापडेना. "एकच काप तर आहे," असं जयसिंहराव स्वतःशीच म्हणाले आणि बटण दाबलं. लाकूड टेकवायच्या पट्टीला सीमंतिनीनं आदल्या दिवशी झेंडूची माळ बांधली होती. मशीन थरथरलं, माळेतलं एक फूल निसटलं आणि घरंगळत पात्याकडे निघालं. सोन्याची अंगठी असती तर त्यांनी पडू दिली असती, यात काही शंका नाही. पण ते पूजेचं फूल होतं. पूजेचं फूल आपल्या हातानं लावलेल्या मशीनखाली चिरलं जाणार, हे त्या माणसाला बघवलं नाही आणि डावा हात पुढे गेला.

ते जिना चढून वर आले तेव्हा हाताला टॉवेल गुंडाळलेला होता. "अगं, ऑटो बोलाव," एवढंच म्हणाले. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही अर्ध्यावर गेली होती, ती परत जोडता आली नाहीत. सगळ्यांना त्यांनी सांगितलं की लाकूड उसळलं. सीमंतिनी दुसऱ्या दिवशी टॉवेल भिजवायला बसली, तेव्हा त्याच्या घडीतून झेंडूचं फूल निघालं. अख्खं होतं, पाकळीही गळली नव्हती. तिनं ते तुळशीत ठेवलं आणि कुणाला काही बोलली नाही.

तेव्हापासून तो डावा हात घरातून नाहीसा झाला. म्हणजे होता तिथंच, पण जॅकेटाच्या खिशात, नाहीतर खांद्यावरच्या पंचाखाली. मलमपट्टी ते दवाखान्यात जाऊन करून घ्यायचे, तिला सोबत नेत नसत. जेवताना डावा हात मांडीआड, टीव्ही बघताना उशीखाली. मे महिन्यात, ग्वाल्हेरच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हातही त्यांनी जॅकेट सोडलं नाही, आणि लोकांनी विचारलं तर म्हणायचे, "एसीत बसतो ना, थंडी वाजते." एसी तर वर्षभरापूर्वीच बिघडला होता. लढाईत जखम झाली असती तर हा माणूस ती छातीवर मिरवत फिरला असता. झेंडूच्या फुलापायी गेलेली बोटं कुठल्या तोंडानं दाखवणार, असं त्यांना वाटत होतं, हे सीमंतिनीला कळत होतं. पण ती लोक होती का? ज्या हातानं उभा जन्म तिच्या केसांत भुसा पाडला, तो हात तिलाच बघायला मिळू नये? ती त्या हातासाठी झुरत होती. शेजारी बसलेल्या माणसाची आठवण यावी, असे तिचे दिवस चालले होते.

मशीन विकायचं ठरवलं ते मुलीनं. तन्वी गावातच हरिशंकरपुरमला राहते आणि आईशी मराठीत सुरू करून हिंदीत संपवते. "आई, ते मशीन बघितलं की मला कसंतरी होतं. बाबा कधी परत चालू करतील, कोई भरोसा नहीं. काढून टाक ना, प्लीज." जयसिंहरावांनी नुसती मान हलवली. विका म्हणाले नाहीत, नका म्हणाले नाहीत.

नवरात्रात मुरारहून दिग्विजयसिंह मशीन बघायला आले. त्यांचा तिकडे फर्निचरचा धंदा. जयसिंहराव खाली उतरलेच नाहीत, म्हणून सीमंतिनीनंच दुकानाचं शटर वर केलं. दिग्विजयसिंहांनी पात्यावर टिचकी मारली, मोटार वाकून बघितली. मनगटाला लाल दोऱ्यांचा हा जाडजूड गुंडाळा.

"भाभीजी, मशीन बढ़िया है. दशहरे के अगले दिन उठवा लूँगा."

"और इसका ढक्कन? वो ऊपर रखा है," सीमंतिनीनं फळीकडे बोट दाखवलं.

"अरे, वो रहने दीजिए. उसे लगाता कौन है!"

सीमंतिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लगाकर ही देंगे," ती म्हणाली, "वरना नहीं देंगे. और ये धागे उतारकर मशीन पर आना." दिग्विजयसिंह हसले, पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं आणि नमस्कार करून निघाले.

खंडेनवमीला तिनं वर पाटावर तलवार मांडली, पटाश्या मांडल्या, आणि पूजेचं ताट घेऊन एकटीच खाली गेली. ताटात हळद होती, कुंकू होतं, अक्षता होत्या. फूल एकही नव्हतं. तिनं आधी मशीनची पिन भिंतीतून उपसली, वायर गुंडाळून पिन आपल्या पदराच्या गाठीत बांधली, आणि फळीवरचं झाकण खाली घेतलं. वर्षाची धूळ होती त्यावर. बसवायचं कसं हे तिनं हजारदा पाहिलं होतं. पण पाहणं निराळं. एका हातानं झाकण धरावं तर बोल्ट निसटे, बोल्ट धरावा तर झाकण कले. शेवटी ते सुटलं आणि खणखणत फरशीवर पडलं.

जिन्यावर धडधड पावलं वाजली. "पिन काढलीये का? सीमा! पिन काढलीये का आधी?" जयसिंहराव ओरडतच खाली आले आणि उंबऱ्यात थबकले. वर्षात पहिल्यांदा ते या उंबऱ्यापाशी आले होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

तिनं पदराची गाठ उचलून दाखवली. "काढलीये. तुमचीच बायको आहे मी."

"कशाला हात घालायचा यात? मला आवाज द्यायचा होता."

"दिला असता तर आला असतात?"

तिनं झाकण उचलून परत पात्यावर धरलं. "मी धरते. तुम्ही आवळा. माझ्या एकटीच्यानं नाही होत."

ते आत आले. तिनं हुडकून ठेवलेला पाना उजव्या हातात घेतला, नट लावून फिरवू लागले. पण पलीकडून बोल्टही सोबत फिरायला लागला. बोल्टचं डोकं मागून धरल्याशिवाय नट आवळत नाही. तिचे दोन्ही हात झाकणात अडकलेले. ते थांबले. मग जॅकेटाच्या खिशातून डावा हात बाहेर आला.

सीमंतिनीनं नजर झाकणावरून हलवली नाही, पण तिला सगळं दिसत होतं. आखूड झालेली दोन बोटं, टोकाला गुलाबी, नवी कातडी. त्यांनी सवयीनं तर्जनीनं बोल्ट धरायला पाहिलं, आणि तर्जनी तिथवर पोचली नाही. पुन्हा पाहिलं. मग अंगठा आणि अनामिकेत त्यांनी तो कसाबसा पकडला आणि नट आवळला. झाकण बसलं. त्यांनी हात लगेच खिशाकडे नेला.

"थांबा," ती म्हणाली. "पूजा व्हायचीये." आणि तिनं झाकणावर हळदकुंकवाची बोटं ओढली.

"पात्याला नाही लावायचं?"

"सासूबाईंना मी सांगीन वर देवाघरी गेल्यावर. झाकणाला लावलं तरी पोचतं."

त्यांना हसू आलं, पण ताटाकडे बघून ते गेलं. "फूल आणलं नाहीस." मग खाली बघत म्हणाले, "सीमा, त्या दिवशी लाकूड उसळलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"टॉवेल मीच धुतला ना."

जयसिंहराव मशीनला टेकले. वर्षभर एवढं सांभाळलेलं आपलं गुपित बायकोनं दुसऱ्याच दिवशी बादलीत भिजवलं होतं, हे पचायला त्यांना वेळ हवा होता.

"हात पुढे करा," ती म्हणाली. त्यांनी उजवा पुढे केला. "तो नाही."

"अगं, हे काय आता हत्यार राहिलंय का?"

"पणजोबांची तलवार तरी कुठं चालते? म्यानातून निघतसुद्धा नाही. तरी दर वर्षी मांडतोच ना आपण पाटावर?"

डावा हात पुढे आला. तिनं तो आपल्या तळहातावर घेतला, आणि तिला रडू फुटलं. एवढ्या जवळ असलेल्या हातासाठी वर्षभर वाट बघावी लागली, याचं रडू होतं ते. तिनं आखूड बोटांच्या टोकांना हळद लावली, मग कुंकू, मग अक्षता वाहिल्या. कातडी मऊ होती, लहान मुलासारखी. जयसिंहरावांनी तोंड फिरवून घेतलं, पण हात मागे घेतला नाही.

मग नाक ओढत ती म्हणाली, "आता दसऱ्यापर्यंत याला काम नाही. नियम म्हणजे नियम."

त्या दिवशी जयसिंहराव डावा हात मांडीवर उघडा ठेवून बसले. तन्वी आली, तिनं बघितलं, आईकडे बघितलं, आणि शहाणी पोरगी ताटं मांडायला लागली. सीमंतिनीनं पाण्याचा ग्लास द्या म्हटलं तर जयसिंहराव म्हणाले, "आज त्याची सुट्टी आहे," आणि उजव्या हातानं दिला. मशीन मुरारला जाणार हे ठरलेलंच राहिलं. "मी सोबत जातो," एवढं मात्र ते म्हणाले. "त्या दिग्विजयसिंहांना उभं कुठं राहायचं ते शिकवून येतो. झाकण काढलं तर मशीन परत आणीन म्हणावं." उद्याचा दसरा झाला की खालची जागा रिकामी होणार होती. कटरचा तो आवाज आता या घरात कधी यायचा नव्हता.

दसऱ्याला सकाळी तिनं न्हाऊन केस मोकळे सोडले आणि चहा टाकला. जयसिंहराव स्वयंपाकघरात आले. जॅकेट नव्हतं. उजव्या हातानं त्यांनी कप उचलला. ती आधण बघत उभी होती, वळली नाही. वळायची हिंमत होत नव्हती.

"मुहूर्त टळायला नको," ते पाठीमागून म्हणाले, आणि डोक्यावर टपली बसली. पूर्वीपेक्षा हलकी होती, दोन बोटांपुरती उणी. कालची वाळलेली हळद तिच्या केसांत उतरली.

"अहो," सीमंतिनी म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला एका दमात म्हणता येईना. चहा उतू गेला तरी ती तशीच उभी होती. "अहो, आजच केस धुतलेत."