ब्रेक ऑइलमधलं पाणी

सहाव्या फेरीला वळण आलं, तिनं ब्रेकचं पेडल दाबलं, तर ते लोण्यात बोट रुतावं तसं तळापर्यंत गेलं. गाडी सरळ खडीत घुसली. तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता. महिन्यातून एकदा ट्रॅकवर गाडी पळवायची तिला हौस. एरवी त्याच गाडीनं ती कामावर जायची, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत.

"वहिनी, सरळ ब्रेकच्या मोठ्या डिस्क घाल," दीर म्हणाला. त्याला कुठल्याही दुखण्यावर मोठीच वस्तू सुचायची.

मिस्तरीनं चाकं काढून डिस्कवरून नख फिरवलं. "यांना धाड भरलेली नाही. ऑइल कधी बदललं होतं?"

गाडी घेतल्यापासून कधीच नाही. ती ओशाळली.

"हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, ताई. ब्रेक फार तापले की त्याची वाफ होते. तुम्ही दाबता ती नुसती वाफ. चाकापर्यंत काही पोचतच नाही."

"पण बंद नळ्यांत पाणी शिरतं कुठून?"

"रबरातून. वर्षानुवर्षं, थोडं थोडं."

तिला ते पटेना. तिनं ते काळपट ऑइल घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर नेलं. साहेबांनी बाटली उजेडात धरली. "ही कुठली विहीर?"

"माझ्या गाडीतली."

ओलावा मोजायच्या यंत्रानं आकडा दाखवला, शंभरात चार भाग पाणी. साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. "परत लाव बघू." परत चारच. "म्हणजे मिस्तरीचंच खरं," ती म्हणाली.

मिस्तरीनं नवं ऑइल भरलं. दिराच्या हट्टापायी डिस्कला धरणारे पॅडही शर्यतीचे बसले. सकाळी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडायला ती निघाली. लाल सिग्नलला तिनं नेहमीइतका ब्रेक दाबला, पण गाडी थांबायचं नाव घेईना. सगळा भार पायावर टाकला तेव्हा कर्कश आवाज करत ती पांढऱ्या पट्टीच्या पुढे जाऊन थांबली.

"थांबायला एवढं किंचाळावं लागतं का गं हिला?" सासूबाईंनी विचारलं.

"ते पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत," ती गाडी परत घेऊन गेली तेव्हा मिस्तरी म्हणाला. "महिन्याचे एकोणतीस दिवस तुम्ही रस्त्यावर असता. त्या दिवसांचा विचार नको करायला?" त्यानं मधले पॅड घातले, थंड असतानाही धरणारे आणि ताप बऱ्यापैकी सोसणारे. मग मोकळ्या रस्त्यावर दहा वेळा वेग घेऊन, पुरतं न थांबता, तो कमी करायला सांगितलं. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसावा म्हणून. जळका वास आला तशी तिनं काच खाली करून तो नीट हुंगला.

पुढच्या खेपेला ट्रॅकवर तिनं बारा फेऱ्या मारल्या. पेडल शेवटपर्यंत घट्ट होतं. शेवटची फेरी तिनं मुद्दाम सावकाश मारली, ब्रेक निवावेत म्हणून.

दीर धावत आला. "वेळ किती लागला?"

"बघितलाच नाही." ती प्रयोगशाळेतलं तापमान मोजायचं यंत्र घेऊन पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. "भावजी, हे बघा. डावी डिस्क उजवीपेक्षा चाळीस अंशांनी जास्त तापलीय. का बरं?"

दिरानं डोकं खाजवलं. "तिकडची मोठी घालायची का?"

ती खळखळून हसली आणि मिस्तरीला फोन लावला.