राजा विक्रमसेनची पोस्ट

कुंदनला अंकुशचा हेवा वाटतो हे साऱ्या आंधळगावाला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त कुंदनला. त्याच्या मते तो हेवा नव्हताच मुळी, न्यायाचा प्रश्न होता.

भोजराज शेठच्या कोशाच्या रेशमी साड्यांच्या कारखान्यात दोघांचे माग शेजारीशेजारी. कुंदन पिढीजात विणकर. हात गोड, पण तोंड शिवल्यासारखं. सुचायचं त्याला फार, मात्र ते तो ओठांतल्या ओठांत बोलायचा, आणि ऐकू जायचं ते फक्त शेजारच्या मागावर. अंकुश तेच उचलून मोठ्यानं बोलायचा. मग सारा कारखाना हसायचा. सुताच्या कांड्या भरणारी सुलोचनाबाई तर पदर तोंडाला लावून म्हणायची, काय डोकं आहे या पोराचं! डोकं कोणाचं आणि तोंड कोणाचं, असं कुंदन धोटा फेकता फेकता मनात म्हणायचा. हे मात्र तो पुटपुटायचाही नाही. पुटपुटला असता तर तेही अंकुशनं पळवलं असतं.

गावच्या नाटकातही तेच झालं. राजा विक्रमसेनची अख्खी भूमिका कुंदनला पाठ होती, पण निवडीच्या दिवशी नाटक मंडळासमोर उभा राहिला आणि सारं ओठांतल्या ओठांत पुटपुटला. भूमिका गेली अंकुशकडे. कुंदनला मिळाली प्रॉम्प्टिंगची वही आणि पडद्यामागची जागा. नाटकाच्या रात्री शेठनं मंडळाला दिलेला मुकुट घालून, काजळाच्या मिशा काढून अंकुश गरजला, आणि कुंदननं कनातीच्या फटीतून पाहिलं तर पहिल्या रांगेत त्याची स्वतःची बायको रुचिका टाळ्या पिटत होती. शब्द आधी आपल्या तोंडून निघाले होते, हे तिला कोण सांगणार?

मग आला उन्हाळा. भंडाऱ्याचा उन्हाळा म्हणजे काही विचारायलाच नको. कोरड्या हवेत कोशाचा धागा तुटतो म्हणून शेठनं सुताच्या खोलीत कूलर बसवला. साड्या पाहायला येणारी गिऱ्हाइकंही तिथंच टेकायची. विणणाऱ्यांच्या शेडवर टिनाचं छप्पर आणि कोपऱ्यात एक पंखा, तोही मान हलवण्यापुरता. माणसं मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्याबसल्या भाजून निघत होती. कोणी काही बोललं की शेठ म्हणायचे, पाणी प्या.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कुंदननं फेसबुकवर खोटं खातं काढलं. स्वतःच्या नावानं लिहायची छाती नव्हती. धीट दिसायला चेहरा तर हवा. मोबाइलात शोधता शोधता नाटकातला अंकुशचा फोटो सापडला. चेहरा कापून त्यानं फक्त मुकुट आणि मिशा ठेवल्या, नाव दिलं राजा विक्रमसेन, आणि लिहिलं:

‘आमच्या शेठच्या सुताले कूलर हाये, विणणाऱ्याले नाही. देवा, पुढच्या जन्मी मले कोशातला किडा कर. उकळतेत त्यालेही, पण एकदाच.’

आता सांगा, ज्या गावात नाटक म्हणजे वर्षाचा सण, त्या गावात त्या मिशा कोण ओळखणार नाही? मुकुट तर शेठनं स्वतः दिलेला. पण कुंदनला वाटलं, चेहरा कापला म्हणजे माणूस कापला. ही चूक त्याच्या हातून सहज झाली की मनातल्या कुठल्या काळ्या कोपऱ्यानं करवून घेतली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. धीट व्हायचं म्हटलं की त्याला अंकुशच डोळ्यांपुढे यायचा, एवढं खरं.

पोस्ट वणव्यासारखी पसरली. तुमसर, मोहाडी, भंडारा, पार नागपूर. तिथल्या एका बाईंनी खाली लिहिलं, या शेठची साडी माझ्याकडे आहे, आता नेसायची लाज वाटते. शेठ हातात मोबाइल घेऊन थेट शेडमध्ये आले आणि अंकुशच्या मागापाशी उभे राहिले.

“हे तूच ना?”

अंकुशनं मोबाइल पाहिला. मग एकदा शेजारच्या मागाकडे पाहिलं. कुंदनची मान खाली, धोटा सुरू.

“फोटो त माह्याच हाये, शेठ,” अंकुश म्हणाला. “अन् लिहिलं त्यात खोटं काय हाये?”

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. अर्धी विणलेली साडी मागावर तशीच राहिली. कुंदनचा धोटा एकदाही थांबला नाही. आधी त्याला हायसं वाटलं, अगदी पोटभर हायसं वाटलं. ते हायसं वाटणं दोन दिवससुद्धा टिकलं नाही.

कारण काढलेला अंकुश ठेवलेल्या अंकुशापेक्षा मोठा झाला. चौकात त्याला चहाचे पैसे कोणी देऊ देईना. चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीतल्या कामगारांनी त्याला भाषणाला बोलावलं, आणि तिथं त्यानं किड्याची ती ओळ म्हणताच माणसं उभी राहिली. त्याचा व्हिडिओ सुलोचनाबाईच्या मोबाइलातसुद्धा आला. कुंदननं तो लपून किती वेळा पाहिला, देव जाणे. पाहायचा आणि जळायचा. ‘एकदाच’ म्हणण्याआधी अंकुश थोडं थांबला होता. तसं थांबायला हवं, हे कुंदनला लिहिताना सुचलंही नव्हतं, आणि त्याचाही त्याला राग आला.

पुढे गिऱ्हाइकांच्या भीतीनं शेठनं शेडमध्ये कूलर लावले. सुलोचनाबाईनं पहिल्या कूलरला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, अंकुशची कृपा. साऱ्यांना गार वारा लागत होता, आणि कुंदनच्या अंगाची आग होत होती. बोलावं तर पोटावर पाय, न बोलावं तर पोटात दुखणं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

रुचिकानं घरी ती ओळ पाठच केली होती. पोळ्या लाटताना म्हणायची आणि स्वतःशीच हसायची. एका संध्याकाळी ती म्हणाली की मंडळ अंकुशचा सत्कार करणार आहे, आणि असा माणूस गावात असणं म्हणजे गावाचं नशीबच. ते ऐकून कुंदनचा बांध फुटला.

“ते मी लिहिलं,” तो म्हणाला.

रुचिका हसली. त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला. खातं उघडंच होतं. ती वाचत गेली, वर पाहिलं, पुन्हा वाचलं. आणि मग तिनं नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी नजर कुंदननं लग्नापासून फक्त कनातीच्या फटीतून पाहिली होती. त्याचा ऊर भरून आला. सारं जळणं सार्थकी लागलं असं त्याला वाटलं.

“मंग त्याले काढलं, तवा तुम्ही कुठी होते?” तिनं विचारलं.

“मागावर.”

“अन् बोलले काहून नाही?”

कुंदन म्हणाला की अंकुशनं स्वतःच कबूल केलं, त्यात आपण कशाला पडायचं? हे बोलतानाच त्याला कळलं की ती नजर विझते आहे. तिनं मोबाइल परत दिला आणि ताट वाढलं. जेवण झाल्यावर म्हणाली, “उद्या सत्कारात साऱ्यायसमोर सांगा. मी बाजूले बसते.”

नाकारण्याची सोय नव्हती. खरं तर त्याला नाकारायचं नव्हतंच. शब्द आपले, टाळ्या आपल्या, आणि बायकोची ती नजर तर आपलीच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो वाक्य घोकत होता.

सत्काराला सारं गाव लोटलं. आणि प्रमुख पाहुणे कोण, तर भोजराज शेठ! कूलर लावल्यामुळे तेही आता कामगारांचे कैवारी झाले होते, आणि त्यांच्या देणगीवाचून मंडळाचा पडदा उघडत नव्हता. शाल दिली, श्रीफळ दिलं. अंकुश माईकपाशी आला.

“एक सांगायचं हाये,” तो म्हणाला. “ते मी लिहिलं नाही. माह्या डोक्यातून तसं काही निघत नाही, मी फक्त मोठ्यानं बोलतो. ज्यानं लिहिलं तो इथंच बसून हाये. शेठ विचारायले आले तवाच मले समजलं होतं. त्याच्या मागं घर हाये, मी एकटा हावो, म्हणून गप्प राहिलो. त्याले वाटलं त तो उठन. नाही उठला त मले काही राग नाही.”

 टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मागच्या झाडावरचे बगळे उडाले. पोराचे पाय पाहा कसे जमिनीवर आहेत, सुलोचनाबाई डोळे पुसत म्हणाली. ते लिहिणारा दुसरा कोणी असेल, हे त्या मांडवात कोणाला खरं वाटलं नाही. वाटलं फक्त शेठना. त्यांनी खुर्चीतच मान वळवली आणि एकेक रांग निरखायला सुरुवात केली.

“उठा,” रुचिका हळूच म्हणाली.

घोकलेलं वाक्य कुंदनच्या जिभेवर होतं. उठायला गुडघेही हलले. शेठची नजर सरकत सरकत त्यांच्या रांगेवर आली आणि त्याच्यावर थांबली. कुंदननं हात वर उचलले आणि टाळ्या वाजवायला लागला, सगळ्यांहून जोरात. शेठची नजर पुढे गेली.

रुचिका टाळ्या वाजवत नव्हती. ती कुंदनकडे पाहत होती. मग तिनं तोंड फिरवलं आणि माईकपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहायला लागली. तेव्हासुद्धा, तळहात चुरचुरत असताना, कुंदनच्या मनात आलं ते एवढंच की नाव न घेताही हा मेला किती छान बोलला.