तपासून परत आलेलं प्रकरण

आईने काउंटरवरचा कागदांचा गठ्ठा उचलून काखेत मारला.

"त्या बाईंना विचारतेच आता, माझ्या पोरीच्या लिखाणावर रेघोट्या मारायच्या म्हणजे काय."

धाकटीच्या पीएचडीच्या प्रबंधाचं एक प्रकरण तपासून परत आलं होतं. सोमवारपर्यंत दुरुस्त करून दिलं नाही तर पीएचडीची जागा जाईल, असं मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच पानावर लिहिलं होतं. दहा दिवस झाले, धाकटीने ते पान उलटलं नव्हतं. घरच्या शिवणाच्या दुकानात शर्टांना बटणं लावत बसायची.

थोरला भाऊ मशीनपाशी कॉलर उसवत होता. ज्याने चुकीची टीप मारली त्यानेच ती उसवायची, हा या दुकानाचा नियम. आईने त्यातून नवऱ्यालाही सोडलं नव्हतं. सूट एकट्या धाकटीला. तिची टीप वाकडी गेली की कापड थोरल्याच्या पुढ्यात पडायचं. आई म्हणायची, जिला देवाने डोकं दिलंय तिने दोरे काय म्हणून उपसायचे?

"बाईंना म्हणावं, इकडेच पाठवा," थोरला म्हणाला. "तेही मीच उसवतो."

"तू गप. तुझं डोकं नुसतं टोपीपुरतं."

"आई, जाऊ नकोस," धाकटी म्हणाली.

"का? तू आठवीत असताना शाळेत गेले नव्हते? गणितात तुला काठावर ठेवलं होतं मेल्यांनी. मास्तरांना असं धारेवर धरलं, की उभ्या उभ्या बारा मार्क वाढवून दिले."

"वाढवले."

"मग?"

"गणित कुठे चुकलं, ते कुणी सांगितलंच नाही." धाकटीने सुई कापडात खुपसून ठेवली. "मला अजून येत नाही ते."

आईने काखेतला गठ्ठा काढून धाकटीसमोर ठेवला, स्टूल ओढलं.

"पहिली रेघ कुठेय?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"नाहीच कळायचं. चौथीत शाळा सुटली माझी. तू वाच."

धाकटी वाचू लागली. तिसऱ्या ओळीवर अडखळली. दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. आईने तिकडे न पाहता हातानेच त्याला थांबायला खुणावलं.

धाकटीने तीच ओळ पहिल्यापासून वाचायला घेतली.