सहावा क्लॅम्प

तीन नळ्या, सहा टोकं, पाच क्लॅम्प.

गाडीच्या मागच्या उजव्या चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर काढून मी टॉर्च आत घातला, तेव्हा टाकीच्या बाजूला एवढंच होतं. सहाव्या टोकावर क्लॅम्पच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. वेढे सात. त्यावर तांब्याची तार, तिला तीन पीळ, आणि हाताला टोचू नये म्हणून तारेचं टोक आत दुमडलेलं.

"घावलं का काय?" गोकुळदादाने बाहेरून विचारलं.

"बघते," मी म्हणाले.

गोकुळदादा नरसिंहपूरचा. विजयसिंहरावांच्या गाडीवर चार वर्षं ड्रायव्हर. गुरुवारी मालकांनी त्याला कामावरून थांबवलं, किल्ली तेवढी अजून काढून घेतली नव्हती. आठवड्याला सहा लिटर पेट्रोल किलोमीटरशी जुळत नव्हतं, टाकीचं झाकण किल्लीशिवाय उघडत नव्हतं आणि किल्ली त्याच्याकडे असायची. गोकुळदादाचं म्हणणं एकच होतं. महिनाभर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा जळतोय, म्हणजे खोट गाडीत आहे, पेट्रोल आपोआप जातंय.

काटेवाडी ओलांडून इंदापूर तालुका लागतो तिथे, उसाला लागून मालकांचा बंगला आहे. माझे वडील रामहरी, आमचे आबा, तिथे वॉचमन आहेत आणि आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहतो. मी बीएस्सी, फिजिक्स. बारामती एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये प्रेशर गेज आणि वजनकाटे तपासते. म्हणून शनिवारी गोकुळदादा माझ्याकडे आला.

"ताई, चोर म्हणून काढला तर इंदापूरपासून बारामतीपतूर कुणी मला गाडीला हात लावू देणार न्हाय. तू मशीन लाव आन् सांग."

मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "लाव. मशीन सांगंल ते मी ऐकतो. माणसांचं ऐकून लई झालं."

रविवारी सकाळी स्कॅनर लावला. कोड आला पी ०४४२, म्हणजे बाष्प यंत्रणेत लहान गळती. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून टाकी, नळ्या आणि कोळशाचा एक डबा मिळून एक बंद यंत्रणा केलेली असते. तिच्यात कुठे फट पडली की गाडीचा संगणक दिवा लावतो. आधी झाकणाचं रबर पाहिलं. चांगलं होतं. मग इंजिनकडे जाणारा व्हॉल्व्ह आणि डब्याचं तोंड बंद करून हातपंपाने अगदी थोडा दाब दिला, पंधरा सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. दोन मिनिटांत तो चारवर आला. कुठून जातोय ते बघायला सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. पाचांवर काही आलं नाही. सहाव्यावर बुडबुडे आले.

फेस चाकाखाली टपटपला तसा गोकुळदादा उड्या मारायचा बाकी राहिला. "आली का न्हाय गाडीच्या तोंडाला फेस! आता मालकाच्या येऊ दे. उंदरानं खाल्ली आसंल नळी. उसातला उंदीर हाय, त्याला गोड खाऊन कट्टाळा आला."

मी हसले नाही. ती बारीक नळी कशासाठी असते ते मला माहीत होतं. पेट्रोल भरताना टाकीतली हवा तिच्यातून बाहेर येते. झाकणाच्या तोंडाशी जाळी असते, वरून पाइप जात नाही. पण ही नळी टाकीजवळ उपसली की थेट आत वाट मिळते. किल्ली लागत नाही. उपसून पुन्हा बसवली की मूळचा क्लॅम्प सैल होतो आणि कधीतरी हरवतो.

आणि सात वेढे, तीन पीळ, आत दुमडलेलं टोक. माझ्या स्कूटरच्या आरशाचा दांडा मोडला तेव्हा तो असाच बांधला गेला होता. माझ्या जेवणाच्या डब्याची कडीही.

तेवढ्यात मालक आले. वाकून फेस बघितला.

"बरं, जातंय. पण किती जातंय? सा लिटरची वाफ व्हती व्हय? टाकी हाय का चुलीवरचं आधण?"

"मोजता येईल," मी म्हणाले. ती माझी सवय आहे. बोलून गेल्यावर लक्षात आलं.

सांध्याभोवती प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि तिच्यातून एक नळी काढून सक्रिय कोळशाच्या बरणीत सोडली. वाफ कोळशात अडकते आणि बरणीचं वजन वाढतं. गळती निघाली तर लागेल म्हणून बरणी आधीच लॅबमध्ये तोलून आणलेली होती, झाकणासकट ४१२.६ ग्रॅम. गाडी चोवीस तास उघड्यावरच ठेवायला सांगितली.

दुपारी आबा गेटजवळच्या केबिनमध्ये शेंगा फोडत बसले होते.

"आबा, टाकीच्या नळीला ट्यूबची पट्टी कुणी बांधली?"

"झालं का मोजून?"

"क्लॅम्प कुठंय?"

"पडला आसंल कुठंतरी." त्यांनी दोन शेंगा फोडल्या. दाणे माझ्यापुढे सरकवले. "गोकुळ तरणा हाय. आज हितं, उद्या तितं. मला साठीला कोण ठिवून घील? आन् ह्या दोन खोल्या?"

"त्याला चोर म्हणतायत, आबा."

"म्हणू दे. चार दिस म्हणत्याल." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन वरसं झाली कामाला जातीस. कधी पंपावर थांबलीस का? रविवारी स्कूटरची टाकी भरलेली, बुधवारी भरलेली. तवा न्हाय इचारलंस कुठनं आलं. तवा न्हाय मोजलंस."

मी म्हणाले, "तुम्ही पगारातून भरता असं वाटलं."

"वाटलं," आबा म्हणाले. "बरं वाटलं तुला."

खोलीत येऊन हिशेब केला. जाऊन-येऊन बेचाळीस किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस, दोनशे बावन्न. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते. पाच पूर्णांक सहा लिटर. कागदाशिवाय होणारं गणित, पण मी ते कधी केलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बरणी काढली, झाकण लावलं आणि लॅबला नेली. तीनदा तोलली. ४३९.४, ४३९.४, ४३९.४.

येताना नवा क्लॅम्प घेतला. संध्याकाळी आधी गाडीकडे गेले. पट्टी कापली, क्लॅम्प बसवला. पट्टी आणि तार माझ्या बॅगेत टाकली. मग ओसरीवर गेले. मालक खुर्चीत होते. गोकुळदादा पायरीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"बोल," मालक म्हणाले.

"चोवीस तासांत २६.८ ग्रॅम. म्हणजे छत्तीस मिलिलिटर. आठवड्याला पाव लिटर."

"पाव लिटर. आन् बाकीचं?"

"बाकीचं त्या फटीतून गेलेलं नाही."

हे वाक्य मी लॅबपासून घरापर्यंत एकवीस किलोमीटर तयार करत आले होते. त्यात चूक काहीच नव्हती.

गोकुळदादा उभा राहिला. "ताई, पण नळी फाटलेली हाय न्हवं? उंदरानं..."

"फाटलेली नव्हती. सैल होती. क्लॅम्प नव्हता. आता लावलाय."

"क्लॅम्प कुणी काढला मग?"

"ते मशीन सांगत नाही."

मालकांनी हात पुढे केला. गोकुळदादाने खिशातून गाडीची किल्ली काढली, तिच्या कडीतून स्वतःचा नरसिंहाचा पितळी बिल्ला सोडवायला लागला. नख मोडलं, तरी निघेना. मालक थांबले. मी पण थांबले. शेवटी निघाला.

"प्रगतीताई," तो म्हणाला, "तुझ्यावर माझा राग न्हाय बरं का. तू तुझ्या काट्याला जागलीस."

त्याने मोटरसायकल ढकलत गेटपर्यंत नेली. आबांनी गेट उघडलं.

"येतो, तात्या," गोकुळदादा त्यांना म्हणाला.

"ये बाबा. संभाळून जा. पुढं ऊसवाहतूक लई हाय."

किल्ली माझ्याकडे देऊन मालक आत गेले. कोड पुसायला मी गाडीजवळ आले. दिवा विझला. तरी खात्री म्हणून पुन्हा हातपंप लावला, व्हॉल्व्ह बंद केला आणि दाब दिला. पंधरा सेंटिमीटर. घड्याळ लावून चाकाशी बसून राहिले. आबा गेटपाशी उभे होते आणि बघत होते.

दहा मिनिटांनी पंधरा सेंटिमीटर.