भस्मातली निळी ज्योत

तापल्या लोखंडाला, नको पाण्याचा शिपका
गरिबाच्या लेकीला, नको बोलाचा ठपका

चाळीस वर्षांपूर्वी शेतात निंदता निंदता आई हे म्हणायची. आज जालन्यातल्या कारखान्यात, भट्टीपुढच्या गर्दीत उभ्या झाडूवाल्या झुंबरबाईच्या कानात तोच आवाज घुमत होता. ठपका तिच्यावरच आला होता.

भट्टीत वायू नेणारी पोलादी नळी दिवाळीपासून आतून झिजू लागली होती. आपटली की काळी भुकटी गळे. अशा दोन गेल्या, तिसरी फुटून कामगार कलीमचा हात भाजला. मग पोलादनाथ महाराज आले. "लोहाय नमः, शनैश्चराय नमः!" म्हणत दर शनिवारी चिमूटभर भस्म नळीच्या तोंडात. अन् काय नवल, चौथी नळी दोन महिने धडधाकट!

"आता अशुभ सावली काढा," महाराज गरजले. "ही विधवा इथं झाडते. आजच घालवा, न्हाईतर माणूस जाईल!"

मालकांनी झुंबरबाईकडं पाहिलं. मुकादम जगन्नाथ जमिनीकडं बघत राहिला.

"थांबा साहेब." प्रयोगशाळेतली साजिया पुढं आली. "महाराज, चिमूटभर प्रसाद मलाबी द्या की."

तिनं भस्म तापल्या पत्र्यावर टाकलं. निळी ज्योत उठली, धुरानं नाकं झोंबली. गेल्या शनिवारीच तिला त्या धुराची शंका आली होती. तिनं पर्समधून मोसंबीवर मारायच्या गंधकाची पुडी काढून तीही पत्र्यावर टाकली. तीच ज्योत, तोच ठसका.

"बिनमंत्राचं पेटलं की!" कलीम ओरडला.

"तापल्या नळीत वायूतला कार्बन लोखंडात शिरतो," साजिया म्हणाली. "दोघांचं संयुग बनतं, ते मोडलं की लोखंडाची भुकटी होते. जराशा गंधकाचा थर बसला, तर कार्बनला आत वाटच मिळत न्हाई."

"मंग आधी गंधकाशिवाय का टिकत होती?" मालकांनी विचारलं.

झुंबरबाईनं पदर सावरला. "दिवाळीआधी गॅसला सडक्या कांद्यावानी वास यायचा साहेब. आता येत न्हाई."

"तो वासच गंधकाचा, मावशी! गॅस बदलला, नळीची ढाल गेली. लोकहो, काही बिघडलं तर आधी काय बदललं ते विचारा. सावलीपायी कुणाची भाकर हिसकू नका."

"घोर कलियुग!" पुटपुटत महाराज दाराकडं सरकले. कलीम आडवा आला. "गंधकाची अक्कल कुणी दिली, ते सांगून जा!"

"मी," जगन्नाथ म्हणाला. "बिनवासाचा गॅस मीच मागवला, साहेब. कलीम भाजला अन् माझी चूक उघडी पडंल म्हणून मी डरलो. गंधकाचं जुन्या उस्तादाकडून ऐकलं होतं. पुडी महाराजाला मीच पुरवली." मग तो झुंबरबाईकडं वळला.

"अन् मावशी... वास का गेला, ते तुम्ही मला विचारलं होतं. म्हणून तुमचं नावबी त्याला मीच सांगितलं."